यांची डावी बाजू

९ नोव्हेंबर १९९३
जीपचा डावा मडगार्ड पुन्हा चेपला. या वेळी पाटावरच्या पुलाच्या कठड्याला. हे म्हणतात, दुरुस्तीवाल्यांनी कठड्याला लागून दगड रचलेत, रस्ता अरुंद झालाय. संध्याकाळी मेथी आणायच्या निमित्ताने पाटापर्यंत चालत गेले. दगड नाहीत. कठडा वीस वर्षं आहे तिथेच आहे.
चकल्या राहिल्यात अजून.

११ नोव्हेंबर
शेजारच्या उत्तमची आई मोरीत पडली. खुब्याचं हाड. उत्तम दारात आला तेव्हा हे जेवत होते. उठले, हात धुतला, खिळ्यावरची किल्ली घेतली. चोपड्याच्या दवाखान्यात पोचवून चारला परत. मग उरलेली भाकरी खाल्ली.
रिटायर झाल्यावर लिलावातली ही जुनी जीप घेतली तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला होता. एकतीस वर्षं एसटी चालवून हौस फिटली नाही का, म्हणून. त्याला तेरा वर्षं झाली. गावात दोन ट्रॅक्टर आहेत, दुसरी चारचाकी नाही. बाळंतपण, साप चावणं, कपाशीवर फवारताना औषध डोक्यात चढणं, सगळं आमच्या दारात येतं. यांनी कोणाला नाही म्हटलेलं आठवत नाही.
वय एक्काहत्तर.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
अवी, सूनबाई, मुलं धुळ्याहून आली. अवीचं लक्ष आधी मडगार्डवर. यांनी दगडांचं सांगितलं. अवी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, आहेत दगड तिथे.
का म्हटलं?

२३ नोव्हेंबर
जळगाव. डोळ्यांचे डॉ. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं सांगून नेलं, नाहीतर आले नसते. जीपने जाऊ म्हणत होते, मी एसटीचा हट्ट धरला.
भिंतीवरची अक्षरं दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. डॉ. म्हणाले, माझ्यापेक्षा बरं वाचता. हे खूश. मग समोर बघायला सांगून डॉ. बाजूने पेन हळूहळू पुढे आणायला लागले, दिसलं की सांगा. उजवीकडून लगेच "हं" म्हणाले. डावीकडून पेन आलं, कानापाशी आलं, गालापाशी आलं, जवळजवळ नाकासमोर आलं तरी हे गप्प. मला वाटलं डॉ. काय म्हणाले ते यांना ऐकूच आलं नाही. मी "अहो" म्हणणार तोच डॉ.नी हाताने थांबवलं.
काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं. दोन्ही डोळ्यांचं मधलं शाबूत आहे, म्हणून वाचता येतं. डावी बाजू गेली.
"गाडी वगैरे चालवता का, आजोबा?"
"छे. आता घरीच असतो."
डॉ.नी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत बसले. लागत नव्हती.
येताना हे खिडकीशी बसले. धरणगाव फाटा गेल्यावर म्हणाले, बरं झालं, मोतीबिंदू नाही.

२६ नोव्हेंबर
आज पाटलांच्या सालदाराला साप. हे किल्ली घ्यायला उठले तशी मीही चपला घातल्या. "तू कशाला?" म्हटलं, येते. शेजारच्या सीटवर बसले.
चोपड्यापर्यंत चौदा किलोमीटर. चार वेळा सांगावं लागलं. डावीकडे सायकल. डावीकडे म्हैस. डावीकडे बाई, डोक्यावर भारा. मैलाचा दगड.
सालदार वाचला. साप बिनविषारी होता म्हणे.
डावे – ४.

५ डिसेंबर
आता तोंडाने सांगत नाही. पेशंटसमोर बरं दिसत नाही. समोरच्या पत्र्यावर बोटाने टक केलं की डावीकडे कोणीतरी आहे. दोनदा टकटक म्हणजे थांबा. हे आम्ही ठरवलं नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीत आपोआप झालं. यांनी कधी विचारलं नाही की टक कशाला करतेस.
आज दोन फेऱ्या. डावे – ११.

१२ डिसेंबर
हिरामणभाऊंच्या मळ्यात भरीत. हिरामणभाऊ यांचे शाळेपासूनचे सोबती, रोज सकाळी पेपर वाचायला आमच्या ओट्यावर. जीपनेच गेलो. वाटेत हे एसटीतल्या गोष्टी सांगत होते, सुरतेची लाईन, घाटात ब्रेक गेला तेव्हा गाडी डोंगराला लावून कशी थांबवली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या. हे नेहमी गाडीवर, मी शाळेवर. शेजारी कधी बसलेच नव्हते.
बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण बाकी कोणाला सांगता येणार नाही.
डावे – ६, एक उशिरा. कुत्रं होतं. वाचलं.

४ जानेवारी १९९४
आज मी नव्हते.
दळण घेऊन गिरणीवर गेले होते. लाईट गेली म्हणून थांबावं लागलं. घरी आले तर जीप नाही. पंडितच्या सुनेला कळा सुरू झाल्या, हे थांबले नाहीत. कसे थांबतील.
केळीच्या मळ्याच्या वळणावर सुकदेव दूधवाला सायकलवर होता. दोन्हीकडे कॅन.
हे चारनंतर आले. मागची फळी धूत बसले. मी विचारलं नाही, यांनीच सांगितलं, पाठमोरं.
"दिसलाच नाही. आवाज आला म्हणून कळलं."
नडगीची दोन्ही हाडं मोडली. सुकदेवला उचलून त्याच जीपमध्ये, पंडितच्या सुनेशेजारी निजवून नेलं. तिला मुलगी झाली. त्याला मांडीपर्यंत प्लास्टर. दवाखान्यात विचारलं तेव्हा सुकदेव म्हणाला, कुत्रं आडवं आलं, मी पडलो.
धुऊन धुऊन दुधाचा वास जात नव्हता.

५ जानेवारी
हे उठलेच नाहीत. ताप नाही. थेंब घालायला गेले तर डोळे घट्ट मिटून घेतले.

७ जानेवारी
सुकदेवकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. त्याने बोलूच दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या बाई. नाना नसतात ते हाई मंगला आज नसती." मंगला त्याची बायको. दुसऱ्या बाळंतपणात रक्त थांबत नव्हतं, यांनी नेलं होतं, खरं आहे. पण म्हणून काय.
मला वाटत होतं, कोणीतरी ओरडावं. मंगलाने चहा टाकला. कोरा. रतीब बंद, दूध कुठलं.
निघताना ती दारापर्यंत आली आणि सहज बोलून गेली. "नानानी गाडीना आवाज उना का आमी बठ्ठा रस्ता सोडीसन उतरी जातस, बाई. यास्ले त्या दिवशी कॅन जड व्हतात, उतरता उनं नही."
कधीपासून, विचारलं. म्हणाली, दोन वर्षं तरी.
दोन वर्षं. पोरांना ओढून घेतात, बैल बांधाला लावतात, सायकली खाली उतरवतात. सगळ्या गावाला माहीत. मी दिवाळीला कठडा बघायला जाते आणि काय ते हुशार समजते स्वतःला.

१० जानेवारी
हे सुकदेवकडे जाऊन आले. तास-दीड तास बसले होते. आल्यावर एवढंच, "तो म्हणतो त्याची चूक." मग बराच वेळ चप्पल पायात तशीच.

१४ जानेवारी, संक्रांत
अवीला पत्र लिहिलं. सगळं. डॉ., पेन, टकटक, सुकदेव. तिळगूळ घालून पाकीट बंद केलं. पोस्टात टाकताना चोरी केल्यासारखं वाटलं. या घरात पंचेचाळीस वर्षं होत आली, यांच्यामागे यांच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं.

२३ जानेवारी, रविवार
अवी आला. एकटाच.
दुपारभर. तो आधी शांतपणे बोलत होता, चांगल्या घरच्या मुलासारखा. जीप विकू, तुम्ही दोघं धुळ्याला चला, वरची खोली मोकळी आहे. हे अडकित्त्याशी खेळत बसलेले. शेवटी तो म्हणाला,
"नाना, उद्या तुमच्या गाडीखाली कोणी मेलं तर?"
"आणि मी गेलो नाही म्हणून मेलं तर?"
"ते तुमच्या अंगावर नाही."
"मग कोणाच्या?"
अवी माझ्याकडे वळला, "आई, तू बोल." मला बोलायचं होतं. मी डॉ.कडे गप्प बसले, दिवाळीला खोटं बोलले, दोन महिने टकटक करत बसले. मी कोणाच्या बाजूने बोलू? म्हटलं, पोहे करते.
त्याने खिळ्यावरची किल्ली खिशात टाकली. संध्याकाळच्या गाडीला स्टॉपवर उत्तम, पंडित आणि चार-पाच जण उभे होते. भांडले नाहीत. हात जोडले म्हणे. पंडित एवढंच म्हणाला, "तू नानास्ना पोऱ्या शे, तुना बी हक शे. पण आमी काय करानं, ते सांग." अवी गाडीत चढला.
तो चुकीचा नाही. हे मी इथे स्पष्ट लिहिते. अवी चुकीचा नाही.
दुसरी किल्ली आहे. लिलावात दोन मिळाल्या होत्या, हे विसरलेत. माझ्याकडे, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात.

२ फेब्रुवारी
जीपवर ताडपत्री. हे रोज सकाळी ती काढतात, फडक्याने पुसतात, परत घालतात.
एका मजूर बाईला फवाऱ्याची बाधा झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेली. पाऊण तास लागतो ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर परत येईपर्यंत हे ओट्यावर उभे. बसा म्हटलं, बसले नाहीत. वाचली.

१७ फेब्रुवारी
हे आज सकाळच्या गाडीने न सांगता जळगावला गेले. संध्याकाळी आले ते हातात परवाना. मुदत संपत होती. भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवली, डॉक्टरचा दाखला मिळाला, शिक्का बसला. पुढची पाच वर्षं.
माझ्यासमोर ठेवला. "माले दिखस. हाई लिखेल शे इथं."
हे माझ्याशी अहिराणीत क्वचित बोलतात. आईशी बोलायचे.
पेन कोणी धरलं नाही बाजूने. यांनी सांगितलं नाही, आणि अक्षरं तर खरंच दिसतात.

२८ फेब्रुवारी
अवीचं पत्र. ओळखीतला एक जण जीप बघायला तयार आहे, उन्हाळ्यात आणतो. शेवटी, "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस." सूनबाईने खाली दोन ओळी लिहिल्यात, खोलीला नवा पंखा बसवला.

९ मार्च
दुपारी तीन. हिरामणभाऊंची सून धावत आली. छातीत कळ, घामाने भिजले, बोलता येत नाही. दोन्ही ट्रॅक्टर शिवारात. एसटी साडेपाचला.
हे ताडपत्री काढून उभे. किल्ली नाही. खिशात, देव्हाऱ्यात, ट्रंकेत शोधायला लागले. कपडे भिरकावत होते. अवी घेऊन गेला हे माहीत असून शोधत होते. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वायरी काढायला बसले. जुळेनात.
मी स्वयंपाकघरात. पिठाच्या डब्यात हात घातलेला. बोटांना किल्ली लागत होती. मला मार्चमधला रस्ता दिसत होता, केळीच्या गाड्या, शाळा सुटायची वेळ, आणि सुकदेवचा पाय. मी तशीच उभी राहिले. घड्याळ समोर होतं म्हणून माहीत आहे. तीन पाच ते सव्वातीन.
मग बाहेर नेऊन दिली. किल्लीला पीठ लागलेलं. यांनी पाहिलं, सदऱ्याला पुसली. मी शेजारी बसले.
इतक्या वेगाने हे कधी चालवत नाहीत. मी टकटक करत होते, हे ऐकत होते, एकही चूक झाली नाही. चोपड्याचं पहिलं घर दिसलं तेव्हा मागून सुनेचा आवाज आला. तेव्हाच कळलं.

१० मार्च
डॉ. म्हणाले, झटका मोठा होता, इथे असते तरी सांगता आलं नसतं. मी विचारलं, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, बाई, असं काही सांगता येत नाही.
सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कोणतंही.

१२ मार्च
हिरामणभाऊंच्या घरी सगळे यांना म्हणतात, नानांनी जिवाचं रान केलं. हे मान खाली घालून ऐकतात. मी बायकांत बसलेली. त्यांची बायको माझा हात हातात घेऊन बसली होती. तोच हात.

१३ मार्च
सकाळी पेपर आला. यांनी उघडला नाही.

२१ मार्च
तेराव्याला अवी येऊन गेला. जीप जागेवरून हललेली पाहिली. मी त्याला मागच्या अंगणात नेऊन पिठाच्या डब्याचं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मी किल्ली नेली नसती तर." त्याचंही काही तरी त्या दहा मिनिटांत अडकलं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उगाच सांगितलं.

४ एप्रिल
किल्ली परत खिळ्यावर. लोक यायला लागले. मी शेजारी. गळवावालं पोर, काविळीची बाई. डावे मोजायचं सोडलंय.

११ एप्रिल
भिला ट्रॅक्टर चालवतो, तिशीतला आहे. त्याला शिकवा, मी म्हटलं. आठ दिवस मागे लागले तेव्हा हे कबूल झाले. आज माझ्या जागी हे बसले, भिला चालवायला. तासाभराने आले. भिला घामाघूम. हे म्हणाले, गिअर खातो, क्लचवर पाय ठेवून बसतो, गाडी म्हणजे नांगर वाटतो त्याला.
मी म्हटलं, पण त्याला दोन्हीकडचं दिसतं.
बोलून गेले. यांचा चेहरा बघवला नाही.

१९ एप्रिल
भिला सुरतेला गेला. भावाने कामाला लावलं. यांना वाईट वाटलं, खरंच. म्हणाले, हात बसत चालला होता त्याचा.
ग्रामपंचायतीने दवाखान्याच्या गाडीसाठी अर्ज केलाय, त्याला दोन वर्षं झाली.

२७ एप्रिल
ऊन सहन होत नाही. दुपारी दारं लावून पडलो होतो. मला वाटलं हे झोपले. अचानक म्हणाले,
"मला कळतं गं. डावीकडे काही नसतंच. अंधार असता तरी कळला असता, अंधारपण नसतो."
मी म्हटलं, मग?
"मग काय. तूच सांग मी थांबलो तर कोण?"
"कोणी नाही."
"हं."
थोड्या वेळाने माठातलं पाणी प्यायले, मलाही आणून दिलं. एवढंच झालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं खरं बोललो आणि त्यातून काही निघालं नाही.

१३ मे, अक्षय तृतीया
खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. पितरांना घास. हिरामणभाऊंच्या घरी पहिली आखाजी, डबा देऊन आले.
माहेरवाशिणी आल्यात, निंबाला झोके. उत्तमची ज्योती आलीय, सातवा महिना. माझी विद्यार्थिनी, पाढे कधी पाठ झाले नाहीत हिचे. पाया पडायला आली तर यांनी खालून वर पाहून विचारलं, कोणाची गं तू? उजवीकडे येऊन उभी राहिली तेव्हा ओळखली.
अवीचं कार्ड. सोमवारी सकाळी येतो, जीप बघायला माणूस घेऊन.

१५ मे, रविवार
दुपारचे चार. लगेच लिहून काढते.
सकाळी अकराला उत्तम आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला. वर आला नाही, बोलला नाही, काही मागितलं नाही. मागे त्याची बायको, तिच्या लुगड्यावर रक्त. ज्योतीचं.
हे उठले. किल्ली घेतली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतके दिवस मला वाटत होतं की कोणीतरी मला विचारावं. मी म्हटलं, चला.
नीट पोचलो. ज्योतीला सलाईन लावलंय. ती बरी आहे, पोटातल्याचं उद्यापर्यंत सांगता येईल म्हणाले.
परत येताना आम्ही दोघंच. दीड वाजलेला, झळा. मी पत्र्यावर बोट ठेवून बसले होते एवढं आठवतं. मग ओरडणं ऐकू आलं आणि डोळे उघडले. म्हणजे ते मिटले होते.
यांनी ब्रेक मारला. डावीकडच्या बाभळीत एक बाई उभी होती, दोन्ही हात काट्यांनी ओरबाडलेले. तिची मोळी आमच्या चाकाखाली. सातपुड्यातून उतरलेली पावरा बाई. आमच्या गावची नव्हती. आवाज ऐकून उतरायचं असतं, हे तिला कोण सांगणार.
"काय होतं?" यांनी विचारलं.
मी म्हटलं, लाकडं.
मग यांनी खाली उतरून त्या बाईला पाहिलं. तिच्याशी बोलायला गेले, तिचं बोलणं आम्हाला कळेना, आमचं तिला. लाकडं गोळा करायला लागले. डावीकडची राहत होती, ती मी उचलली. मोळी बांधून दोघांनी तिच्या डोक्यावर दिली. ती दहा पावलं गेली, थांबली, वळून आमच्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.
हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. इंजिन बंद.
"तुझा डोळा लागला होता?"
"हो."
मला पासष्ट झाली. उन्हात डोळा लागतो. हे माझ्या हिशेबातच नव्हतं.
गाव चार किलोमीटर राहिलं होतं. तिथे सोडून चालत यावं असं दोघांच्याही मनात आलं असणार. नाही आलो. पहिल्या गिअरमध्ये आणली, मी खाली उतरून पुढे चालत, हे मागून. रस्त्यावरच्या लोकांनी नेहमीसारखी वाट दिली.
आत्ता उत्तम येऊन गेला. ज्योतीच्या नवऱ्याचा निरोप, सकाळी तपासून कदाचित जळगावला हलवा म्हणतील. चोपड्यात गाडी मिळेल का ते बघतोय. आम्हाला काही विचारलं नाही. निरोप सांगून उभा राहिला, मग गेला.
अवी आणि तो माणूस उद्या नऊच्या गाडीने.
हे बाहेर जीपचं पाणी बघतायत. आतूनच विचारलं, उद्या काय करायचं? म्हणाले, रेडिएटर गळतोय जरासा. परत विचारलं नाही.